डग्लसने शिवलेली अर्धी गोधडी

धम्मशीलाबाईंचा अंगठा दुखत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो दुखत नव्हता म्हणूनच त्या हल्ली कापलेला कांदा आणत, ऑफर होती असं सांगून. तो दुखत नव्हता म्हणूनच लोणच्याची बरणी उघडायला यादवरावांना हाक जाई, कारण ब्रेक्झिटनंतर बरण्यांची झाकणं घट्ट यायला लागली होती. आणि तो दुखत नव्हता म्हणूनच बाथरूमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, अंगठ्याला बांधायचा एक पट्टा पडलेला असे, जो कोणाचाच नव्हता. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या त्या घरात माणसं तीन. पट्टा बायकी मापाचा होता. पण चौकशी करण्याची छाती उरलेल्या दोघांत नव्हती.

त्या दोघांतला धाकटा म्हणजे मुलगा, प्रज्ञेश. वय एकोणतीस, जन्म शेजारच्या हॅरोचा, मराठी थोरल्या बहिणीसारखीच घरापुरती, नपुंसकलिंग वगळून, नोकरी एका कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत. कुठल्या रस्त्यावर गाड्या बेफाम जातात ते पाहायचं आणि तिथे डांबराचा उंचवटा घालायचा, हे त्याचं काम. त्याबद्दल लोक त्याला चिडून ईमेल लिहीत. आई समाजात सांगे की मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये आहे. बाबा सांगत की मुलगा ट्रान्सपोर्ट थांबवण्यात आहे. बाबा, म्हणजे यादवराव, स्वतः इमारतींचे इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी इमारती उरल्या नाहीत, तेव्हा ते घरातल्या शेल्फांवर सपाटी तपासायची लेव्हलची नळी ठेवून बघत.

थोरली मुलगी सिया साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती. फेब्रुवारीत तिला बाळ होणार होतं. त्या बाळाची गोधडी धम्मशीलाबाईंनी उन्हाळ्यात, म्हणजे इथे ज्याला उन्हाळा म्हणायची पद्धत आहे त्या दिवसांत, शिवायला घेतली होती.

गोधडी ही धम्मशीलाबाईंच्या नावाशी जोडलेली गोष्ट होती. नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केली, जन्मभर लोकांचं रक्त काचेवर घेऊन पाहिलं, पण त्यासाठी त्यांना कोणी ओळखत नसे. हॅरो आणि आसपासच्या मराठी बौद्ध मंडळींत जे जे मूल जन्मलं, त्याच्या अंगावर त्यांच्या हातची गोधडी पडली, यासाठी ओळखत. एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमाला दाढीवाले बाप्ये येऊन म्हणत, "मावशी, तुमची गोधडी अजून आहे माझ्याकडे." मग मावशी दाढीकडे दुर्लक्ष करून त्यात कोणाकोणाच्या साड्या गेल्या होत्या ते सांगत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा होई की त्या क्षणी बरणी कितीही घट्ट असती तरी उघडली असती.

या गोधड्यांना मशीन लावायचं नाही, हा त्यांचा नियम. तशा त्या रूढीबिढी मानणाऱ्या नव्हेत. मुहूर्त दिसला की का, उपास दिसला की का, कोणी लिंबू-मिरची टांगली की हे का, असं तोंडावर विचारणाऱ्या. पण गोधडी हातानेच का, असं त्यांना विचारलं की उत्तर यायचं, "कारण ती गोधडी आहे." त्यांच्या मैत्रिणीने, रश्मीताईंनी, नातवाला मशीनवर शिवलेली ऑनलाइन मागवली. धम्मशीलाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, छान आहे, पांघरूण म्हणून. त्यानंतर रश्मीताई बरेच दिवस चहाला आल्या नाहीत.

सियाच्या बाळाच्या गोधडीत आत एक पांढरी साडी होती. धम्मशीलाबाईंची आई दर वर्षी अकोल्याहून नागपूरला दीक्षाभूमीवर जाई, ती तीच साडी नेसून. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. ती वर दिसणार नव्हती. वर दिसायला यादवरावांचे शर्ट, सियाचा शाळेचा फ्रॉक आणि प्रज्ञेशच्या एका पायजम्याची ठिगळं होती, ज्याबद्दल प्रज्ञेशला कोणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी तो फोनचा चार्जर शोधत मागच्या बेडरूममध्ये शिरला. आई खिडकीशी बसली होती. सुई कापडांच्या थरांत अर्धी रुतलेली, आणि आईच्या हातात यादवरावांची पक्कड. तळहाताने सुई आत रेटायची, पालथ्या बाजूने पकडीत धरायची, ओढायची, मग जरा वेळ नुसतं बसायचं. एक टाका. आईने त्याला पाहिलं, पक्कड मांडीवर ठेवली, तिच्यावर गोधडी ओढली आणि म्हणाली की दार वाजवायची एक पद्धत असते.

"आई, ती बाबांची पक्कड..."

"नळ गळतोय."

त्या खोलीत नळ नव्हता. प्रज्ञेश बरं म्हणाला आणि चार्जर न घेताच बाहेर आला.

नंतर ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा त्याने गोधडी पाहिली. काठाकडचे फेरे तांदळाच्या दाण्यांसारखे होते, एकासारखा एक. आतल्या चौकोनांकडे यावं तसे दाणे लांबत गेले होते, वाकडे झाले होते, एकमेकांपासून फटकून राहायला लागले होते. शेवटचा फेरा तर एका बाजूला मध्येच थांबला होता. झाडाच्या खोडावरून दुष्काळाचं वर्ष कळतं म्हणतात. इथे अंगठा कळत होता. मधला दोन उशांएवढा भाग अजून कोरा होता.

आई म्हणे, वेळच पुरत नाही, या घरात चहाच किती वेळा करावा लागतो. यादवराव स्वतः चहा करायला लागले. फेरा पुढे सरकला नाही. मग उजेड कमी पडत होता. यादवरावांनी असा दिवा आणून लावला की त्याखाली अपेंडिक्स काढता आलं असतं. मग दिवा डोळ्यांवर येत होता. घरात कोणी काही बोललं नाही, पण जे नाही बोललं ते सगळ्यांना सारखंच कळत होतं. अंगठा दुखतो असं आईने एकदा म्हटलं, की ही शेवटची गोधडी ठरणार. आणि शेवटची, तीही स्वतःच्या नातवंडाची, अर्धी राहणार.

तेव्हा प्रज्ञेशने एक बेत केला. बेत सोपा होता. मधला भाग गुपचूप शिवून टाकायचा आणि गोधडी होती तिथे ठेवायची. मग आईने ती आपणच पुरी केली असं समजायचं, बाकीच्यांनीही तसंच समजायचं. अंगठा दुखत नाही हे ज्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, त्यांना हेही ठाऊक व्हायला काय हरकत होती. या कामाची त्या घराला उत्तम सवय होती.

पिनरमध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी क्विल्ट, म्हणजे इंग्रजी गोधड्या, करणाऱ्या बायका जमत. त्यांची म्होरकी ब्रेंडा नावाची, ऐंशीला टेकलेली. हॉलच्या टोकाला त्यांचं मोठं मशीन होतं, एक माणूस आडवा निजेल एवढं, आणि त्याचं नाव डग्लस. हे ब्रेंडाच्या पहिल्या नवऱ्याचं नाव. दुसरा नवरा हॉलमध्ये खुर्च्या लावायला येई आणि त्याला याचं काही वाटत नसे.

प्रज्ञेशने तिथे आपल्या बेताचा पत्ता लागू दिला नाही. शिकायचंय, एवढंच सांगितलं. तिथे साठीच्या आतला तो एकटा आणि शिवणाऱ्यांत पुरुष म्हणाल तर डग्लस धरून दुसरा, त्यामुळे त्याला चांगल्या डब्यातली बिस्किटं मिळत. चिंध्यांवर त्याचा हात बरा बसला. ब्रेंडाने त्याला पहिल्याच दिवशी धर्माचं पहिलं वचन दिलं होतं, की नेहमी मधून सुरू करायचं आणि बाहेर जायचं. कापडाला थोडा सैलपणा असतोच. तो बाहेर बाहेर ढकलत न्यायचा म्हणजे शेवटी काठावरून निघून जातो. प्रज्ञेशला ते एकदम पटलं. एखादी गोष्ट तशी का करायची हे कारणासकट सांगणारं माणूस त्याला आयुष्यात प्रथमच भेटत होतं.

आता हातची गोधडी काठाकडून सुरू होते. आधी कडेकडेने एक फेरा, मग बोटभर आत सरकून दुसरा, मग तिसरा, चौकोनात चौकोन, आणि अगदी शेवटचा टाका मध्यावर. जुन्या साड्या कधी एका ताणाच्या नसतात. त्यांचा सैलपणा दर फेऱ्याला थोडा थोडा आत न्यायचा, थोडा थोडा टाक्यांत जिरवायचा. धम्मशीलाबाईंनी हे प्रज्ञेशला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

जानेवारीत आई-बाबा शनिवार-रविवार सियाकडे गेले, पाळणा जोडायला. म्हणजे सियाचा नवरा समर तो जोडणार होता आणि यादवराव लेव्हल लावणार होते. इकडे प्रज्ञेशने गोधडी सुटकेसमध्ये घातली आणि हॉल गाठला. ब्रेंडा त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होती. बाकीच्या बायका गेल्यावर हॉलमध्ये तो, डग्लस आणि खुर्च्या रचणारा दुसरा नवरा, एवढेच उरले.

मधून सुरुवात केली. जे आईला महिनाभर पुरलं असतं ते डग्लसने चहा निवायच्या आत केलं. टाके एका रांगेत, सगळे सारखे, जवानांची तुकडी चालावी तसे. प्रज्ञेशला वाटलं, माणसं उगीच त्रास करून घेतात. चौकोन मोठे होत गेले. मशीनचा शेवटचा चौकोन आईच्या शेवटच्या फेऱ्यापाशी आला, आणि कापड समोरून चालून यायला लागलं.

आईने महिनोन्‌महिने सैलपणा आत ढकलत आणला होता. डग्लसने तो पाऊण तासात बाहेर ढकलत आणला होता. दोन्ही मंडळी मध्ये भेटली. चारी बाजूंनी एक बांध उभा राहिला, आणि एका कोपऱ्यात तर असा फुगवटा आला की खाली मांजर निजलंय असं वाटावं. प्रज्ञेशने तो दाबला. तो पलीकडच्या कोपऱ्यात उठला. तिथे दाबला, तर परत अलीकडे. घरी आणून त्याने इस्त्री फिरवली, तेव्हा तो गरम झाला. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर उंचवटा नियमात बसणारा होता, फक्त अलीकडे एक पाटी लावावी लागली असती.

हॉलमधून निघताना दुसऱ्या नवऱ्याने त्या फुगवट्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. हा माणूस खुर्च्यांखेरीज कशावरही मत देत नसे. "टेकडी आहे," तो म्हणाला, आणि दिवे घालवले.

रविवारी संध्याकाळी आई-बाबा परतले तेव्हा गोधडी जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती. लपवून ठेवण्याचा विचार प्रज्ञेशने केला होता, पण ती आता घडीच होत नव्हती. यादवरावांनी चष्मा लावला, टेबलाभोवती एक चक्कर मारली, फुगवट्यावर दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. जमीन खचलेली नाही, ते म्हणाले, फुगलेली आहे, दोन्हीकडून दाब आलाय. मग आपल्या बोलण्याचा घरगुती अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी बोटं मागे घेतली.

धम्मशीलाबाईंनी कोट काढला नव्हता. त्यांनी काठापासून हात फिरवत आणला आणि बांधापाशी थांबवला.

"हे कोणी केलं?"

"डग्लसने. म्हणजे मीच. मशीनचा नाव डग्लस आहे."

"मधून सुरू केलंस?"

"मधूनच करतात, आई. ब्रेंडा म्हणाली की..."

"ब्रेंडाला विचारलंस." त्यांनी कोटाचं एक बटण काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मी याच घरात राहते रे. मला विचारायचं."

"तुला विचारला असता तर तू म्हणाली असती, नळ गळतोय."

धम्मशीलाबाई खुर्चीवर बसल्या आणि गोधडी नीट पाहायला लागल्या, पूर्वी लॅबमध्ये काचपट्टी पाहत तशी, जणू हे कोणा परक्याचं रक्त आहे. आता दोन्हींपैकी एक बाजू उसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांना गुंतलेले असतात, एकेक टाका सुटा कापावा लागतो, डोळे जातात. हातच्या टाक्याचं तसं नाही. गाठ कापली आणि दोरा ओढला, की फेराच्या फेरा निघून येतो.

"माझे काढ," त्या म्हणाल्या. "सोपे आहेत. मग बाहेरपर्यंत मशीन मार आणि मोकळा हो. फेब्रुवारी आला."

प्रज्ञेश नाही म्हणाला. आई म्हणाली, वेळ कुठे आहे. तो पुन्हा नाही म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, पण त्यासाठी लागणारी मराठी त्याच्याकडे नव्हती आणि इंग्रजीत ते फारच शहाणपणाचं वाटलं असतं. शेवटी धम्मशीलाबाईंनी स्वतःच कात्रीच्या टोकाने गाठ कापली आणि दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. यादवराव भिंतीवरच्या बॉयलरच्या काट्याकडे, आयुष्यात कधी पाहिला नव्हता असा पाहत राहिले.

"दोरा फार गुळगुळीत यायला लागलाय हल्ली," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"ब्रेक्झिट," यादवराव म्हणाले.

सोमवारी सकाळी समरचा फोन आला. मुलगी झाली होती, ठरल्यापेक्षा लवकर, आणि सगळं सुखरूप होतं. पाळणा अजून एका बाजूला कलता होता. तिघं गाडीत बसले. धम्मशीलाबाईंनी गोधडी मोठ्या पिशवीत कोंबली. कशाला नेतेस, असं विचारायला यादवरावांनी तोंड उघडलं आणि रस्त्याकडे बघून मिटलं.

सिया दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी आली. बाळाचं डोकं काळ्याभोर केसांनी भरलेलं होतं आणि चेहऱ्यावर कोणावर तरी खटला भरायचा निश्चय होता. आळीपाळीने सगळ्यांनी तिला घेतलं. मग धम्मशीलाबाईंनी पिशवीतून गोधडी काढून सोफ्यावर टाकली. टेकडी उभी राहिली. कोणी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "कडेची माझी, मधली डग्लसची." डग्लस कोण हे समरला कळलं नाही, पण सासुरवाडीच्या माणसांना काही गोष्टी विचारू नयेत एवढं त्याला चार वर्षांत कळलेलं होतं.

सियाने गोधडीवर गाल टेकवला, आपला फ्रॉक ओळखला, प्रज्ञेशचा पायजमा ओळखून हसली. आणि मग म्हणाली की बाळ वर्षाचं होईपर्यंत ही पाळण्यात घालता येणार नाही.

"का?"

"इथे असंच सांगतात, आई. वर्षाच्या आतल्या बाळाला गोधडी, उशी, काही म्हणजे काही द्यायचा नाही. तोंडावर आलं तर? मिडवाइफने समरला दोनदा सांगितलं."

"तीनदा," समर म्हणाला.

"तुम्ही दोघं गोधडीतच वाढलात."

"मी डॉक्टर आहे, आई."

"आणि मी कोण होते?"

"तू लॅबमध्ये होतीस. तुझे पेशंट काचेवर होते." सियाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, चांगलंच आहे ना हे. घाईच नाही. नीट उसवून, आरामात, तुझ्या हाताने कर. अख्खं वर्ष आहे."

सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. टेकडीला एक वर्ष मिळालं होतं. डग्लसकडे जी एकच गोष्ट आईपेक्षा जास्त होती, वेग, ती आता कोणाला नको होती. पण प्रज्ञेशने आईकडे पाहिलं आणि त्याला वाटलं की इतकी वाईट बातमी तिला पूर्वी कोणी दिली नसेल. फेब्रुवारी होता तोवर वेळ पुरत नव्हता, उजेड पुरत नव्हता, चहा फार होता. आता फेब्रुवारी गेला आणि जाताना ते सगळं सोबत घेऊन गेला. आता उरली ती, गोधडी आणि एक वर्ष.

धम्मशीलाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. मग त्या मांडीवरच्या बाळाशी बोलल्या, कारण त्या खोलीत ही बातमी जिला नवीन होती अशी ती एकटीच होती.

"माझ्याच्याने नाही गं व्हायचं, बाई. अंगठा गेलाय आजीचा."

बाळाने ते शांतपणे ऐकून घेतलं. यादवरावांनी चष्मा पुसायला घेतला. सिया आईच्या पायाशी बसली, तिचा हात उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, आणि आईने ओठ दाबले. कधीपासून, असं तिने विचारलं. दोन वर्षं, आई म्हणाली, पण मधूनमधून. मग सिया भडकली. भडकली की ती इंग्रजीत जाई, आणि त्या दिवशी ती बराच वेळ तिकडेच होती. सारांश असा की यावर उपाय आहेत, ते दोन वर्षांपूर्वी जास्त होते, पट्टा टॉवेलांच्या मागे ठेवून त्याचा गुण येत नाही, आणि आता पकडीने सुई ओढणं बंद म्हणजे बंद. धम्मशीलाबाईंनी मान हलवली. अंगठा दुखतो हे सगळ्यांनी मोठ्याने म्हटल्यावर घर कोसळेल असं प्रज्ञेशला वाटत आलं होतं. प्रत्यक्षात समरने विचारलं, कोणाला भूक लागलीय का.

"माझे टाके मी काढतो," प्रज्ञेश म्हणाला. "तुझे राहू दे."

"आणि मध्ये?"

"मध्ये पण मी. हाताने."

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कृतज्ञता नव्हती. गोधडीच्या भवितव्याची काळजी होती.

उसवण्यात वसंत गेला. पाऊण तासात डग्लसने जे केलं होतं ते निस्तरायला प्रज्ञेशला एप्रिल उजाडला. एकेक टाका, वरचा दोरा, खालचा दोरा. ब्रेंडाला त्याने अखेर सगळं सांगितलं. तिने टाके उसवायचं आपलं खास हत्यार उसनं दिलं आणि म्हणाली की काठाकडून आत शिवत जाणं अशक्य आहे, निव्वळ अशक्य, आणि ते झालं की मला बघायला बोलाव.

मग एका रविवारी तो मागच्या बेडरूममध्ये आईसमोर जमिनीवर बसला, सुईत दोरा ओवला आणि आईचा फेरा जिथे मध्येच थांबला होता तिथून पुढे निघाला. चार टाके घातले. आईने वाकून पाहिलं.

"यात पाय अडकेल पोरीचा. काढ."

त्याने दोरा ओढला. चारही टाके एकदम, आवाज न करता निघून आले, आणि कापडावर काही राहिलं नाही. इतके दिवस एकेक टाका कापून कापून त्याची बोटं सोलली होती, त्यामुळे हातात मोकळा दोरा धरून तो जरा वेळ बसून राहिला. एवढं सोपं असतं हे. चुकलं की परत जाता येतं. माझे काढ, सोपे आहेत, असं आई म्हणाली होती ते या दोऱ्याबद्दल. ती किती सहज म्हणाली होती, हे त्याला आत्ता कळलं.

पुन्हा घातले. पुन्हा काढले. तिसऱ्यांदा टाके जरा बरे आले, पण सुईच्या पुढे कापड गोळा व्हायला लागलं. बारीकशी टेकडी. ताणून धरू का, त्याने विचारलं. आई म्हणाली, अजिबात नाही, आणि खुर्चीवरून उतरून त्याच्या शेजारी बसली. यादवरावांच्या मते तिने जमिनीवर बसायचं नव्हतं, पण यादवराव खालच्या मजल्यावर होते.

तिने उजवा तळहात कापडावर सपाट ठेवला, सुईच्या वीतभर पुढे, आणि हळूच आतल्या बाजूला सरकवला. कणीक मळून झाल्यावर गोळ्यावरून फिरवतात तसा. फुगवटा सगळा गेला नाही. थोडा टाक्यात जिरला, थोडा पुढे गेला, पुढच्या फेऱ्याच्या वाटणीला आला.

"सुईकडे बघू नकोस. माझा हात कुठे जातो ते बघ, आणि मागून ये."

तो मागून गेला. हात सरके, थांबे, आणि तो टाका घाली. प्रज्ञेशने इतके महिने फक्त सुई पाहिली होती, पक्कड पाहिली होती, डग्लसची सुई तर मिनिटाला हजारदा वरखाली होताना पाहिली होती. कापडाच्या पुढे जाणारा हात त्याने पाहिलाच नव्हता. अंगठा बाजूला उभा होता, कामावरून सुटलेल्या माणसासारखा. बाकीचा हात कामावर होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

आई बोलत होती, पण त्याच्याशी नाही, कापडाशी. इथे अकोल्याची साडी जरा सुरकुतलीय, ये इकडे. हा शर्ट तुझ्या बाबांसारखाच ताठ, त्याला सावकाश घ्यायचं. मधूनच ती त्याला म्हणाली की तिच्या आईनेही असंच पुढून हात फिरवला होता, सुई धम्मशीलाबाईंकडे देऊन. तेव्हा तिला वाटलं होतं की आई कंटाळा करतेय.

"आजीचा अंगठा पण दुखायचा?"

"कोण सांगणार तुला," आई म्हणाली. "आमच्या घरात कोणाचं काही दुखत नसे."

चहाच्या वेळेपर्यंत तो फेरा पुरा झाला, काठाकडून आत येणाऱ्या चौकोनांतला आणखी एक. टेकडी आली नाही. धम्मशीलाबाईंनी चष्मा लावला आणि गोधडी मांडीवर घेतली. त्यांचे शेवटचे वाकडे टाके कुठे संपतात आणि प्रज्ञेशचे कुठे सुरू होतात, हे आंधळ्यालाही बोटांनी सांगता आलं असतं. प्रज्ञेश वाट पाहत बसला. त्या एका टाक्यावर थांबल्या, मग पुढच्यावर, मग दोन्हींमधल्या अंतरावर जरा जास्त वेळ थांबल्या. काढ म्हणतील असं त्याला वाटलं आणि त्याने दोऱ्याचं टोक हातात घेतलं.

"अहो," त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "सियाला फोन लावा. म्हणावं, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. वर्ष पण कमीच आहे. दोन वर्षं तरी पोरीला गोधडी देऊ नका."

आणि प्रज्ञेशकडे न बघता त्यांनी दोऱ्याचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.